टाळ्या कुणासाठी वाजवताय?

२० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला की अमेरिकी सरकारच्या लेखी लिंगं दोनच, स्त्री आणि पुरुष, आणि ती बदलत नाहीत. मिरजेत सकाळ झाली तशी माझ्या मावसभावाने, दादाने, ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "शेवटी त्यांनाही आपली संस्कृती पटली." त्यावर जोडलेल्या हातांची रांग लागली. मामांनी "योग्य निर्णय" असं लिहिलं. मावशीला उशिरा का होईना त्या लोकांना शहाणपण सुचल्याचं समाधान वाटलं.

मी डॅलसच्या उत्तरेला राहते. ज्यांना शहाणपण सुचलं म्हणताहेत ती माणसं माझे शेजारी आहेत, मुलीच्या आयएसडीच्या, म्हणजे शाळा-जिल्ह्याच्या, बोर्डावर आहेत, एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीच्या, मीटिंगला माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसतात. त्यांच्या राजकारणाला मिरजेतून टाळ्या पडताना दिसल्या की मला राग येतो, आणि तो अजून उतरलेला नाही. ज्यांच्यासाठी टाळ्या वाजताहेत त्यांच्या हिशेबात टाळ्या वाजवणारे कुठेच नाहीत, हे या लोकांना कुणीतरी सांगायला हवं.

हाच दादा महिन्यातून एकदा तरी आदिवासी पाड्यांवरच्या धर्मांतराचे व्हिडिओ पाठवतो. मिशनऱ्यांना देशाबाहेर काढा, असं त्याचं ठाम मत आहे. मग अमेरिकेत ज्यांच्या विजयाने त्याला आनंद होतो ते कोण आहेत? सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही इथली सगळ्यात मोठी प्रोटेस्टंट संघटना आणि या राजकारणाचा कणा. तिच्या मिशन बोर्डाने १९९९ च्या दिवाळीच्या तोंडावर एक प्रार्थनापुस्तिका छापली होती. नव्वद कोटींहून जास्त लोक हिंदू धर्माच्या निराश अंधारात हरवलेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात म्हटलं होतं. दिव्यांच्या सणाला. याच संघटनेने जून २०२५ मध्ये डॅलसच्या अधिवेशनात ठराव केला की समलिंगी विवाहाला मान्यता देणारा २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल उलटवला जावा. दादाने या ठरावाची बातमी तेवढी ग्रुपवर टाकली. पुस्तिकेबद्दल मी लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही.

ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडच्या देवळात ऑगस्ट २०२४ मध्ये हनुमानाची ९० फुटी मूर्ती उभी राहिली तेव्हा तिचेही फोटो ग्रुपवर फिरले होते. वर्षभराने टेक्ससमधून सेनेटसाठी उभ्या असलेल्या एका रिपब्लिकन उमेदवाराने तीच मूर्ती दाखवून विचारलं की खोट्या हिंदू देवाची खोटी मूर्ती आपण इथे का उभी राहू देतोय, आपला देश ख्रिस्ती आहे. टेक्सस सरकारने २०२५ मध्ये कायदा केला की सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा फलक लागला पाहिजे, किमान १६ बाय २० इंचांचा. मजकूरही कायद्यातच दिलाय. सुरुवातीलाच माझ्याशिवाय दुसरे देव मानू नकोस, कोरीव मूर्ती करू नकोस. काही शाळा-जिल्ह्यांत कोर्टाने तो अडवला. माझ्या मुलीच्या वर्गात तो लागला. ती फळ्याच्या वर बघते तेव्हा तिच्या आजीच्या देवघरातल्या पितळी बाळकृष्णाविषयी सरकारचं मत तिला वाचायला मिळतं. "शाळेत धर्मशिक्षण आलं, आपल्याकडे कधी येणार?" असं दादाने त्या बातमीखाली लिहिलं होतं.

त्याला वाटतं की हे लोक हजारो वर्षांची परंपरा राखताहेत. इथे आले तेव्हा मलाही साधारण तसंच वाटे, मग मी वाचायला लागले. सदर्न बॅप्टिस्ट संघटनेचा जन्मच १८४५ मध्ये गुलामगिरीच्या भांडणातून झाला. गुलाम बाळगणाऱ्यांना धर्मप्रचारक म्हणून पाठवायला उत्तरेकडचे बॅप्टिस्ट तयार नव्हते. याच संघटनेने १९७१ मध्ये सेंट लुइसला ठराव केला की बलात्कार, गर्भातला गंभीर दोष, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. त्याच वर्षी आपल्या संसदेने गर्भपाताला मुभा देणारा एमटीपी कायदा केला, बऱ्याच अंशी त्याच कारणांसाठी. १९८० मध्ये या संघटनेने गर्भपातबंदीसाठी घटनादुरुस्ती मागितली आणि २००३ मध्ये १९७१ च्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. बायबल तेच होतं. मधल्या नऊ वर्षांत बदललं ते राजकारण.

साउथ कॅरोलायनातलं बॉब जोन्स विद्यापीठ गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकमेकांबरोबर फिरू देत नव्हतं. १९७६ मध्ये सरकारने त्याची करसवलत काढली. डार्टमथचे इतिहासकार रँडल बाल्मर यांचं म्हणणं असं की पुराणमतवादी पाद्री पहिल्यांदा एकत्र आले ते या रागातून. गर्भपाताचा मुद्दा पुढाऱ्यांनी नंतर उचलला, कारण त्यावर सामान्य माणूस मतदानाला बाहेर पडतो. १९७७ मध्ये फ्लोरिडात गायिका अनिता ब्रायंट यांनी "आमची मुलं वाचवा" म्हणत समलिंगींना घर आणि नोकरीत संरक्षण देणारा स्थानिक नियम लोकांच्या मतांनी रद्द करवला. १९७९ मध्ये पाद्री जेरी फॉलवेल यांची मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना आली. बाई, समलिंगी, शाळेतलं मूल, ही त्रयी तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत आहे.

आणि आपल्याकडे? डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय लग्नांची माहिती ठेवायला समिती नेमली. आधी त्यात आंतरजातीय लग्नंही होती, ओरड झाल्यावर ती काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लव्ह जिहाद'वर कायदा करायचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती आली. कुणी कुणाबरोबर फिरावं हे ठरवणाऱ्या त्या विद्यापीठाची आठवण मला झाली ती यामुळे. जिथे फुले आणि शाहू महाराज होऊन गेले त्या राज्याने साउथ कॅरोलायनाच्या वाटेने का जावं?

ग्रुपवरच्या एका वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला. टेक्ससच्या गर्भपातबंदीवर मामांनी लिहिलं होतं, "चांगलं झालं, स्त्रीभ्रूणहत्या थांबेल." मामा, आपला १९९४ चा कायदा लिंगनिदानाविरुद्ध आहे, गर्भपाताविरुद्ध नाही. बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, तो प्रश्न आपला, आणि त्यावरचा कायदाही आपला. टेक्ससच्या कायद्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

संबंध असेल तर बेळगावच्या सविता हलप्पनवारशी आहे. मिरजेहून बेळगाव काही लांब नाही, आमचे अर्धे नातेवाईक तिकडचे. सविता दंतवैद्य होती, ३१ वर्षांची. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॉलवे शहरात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. तो वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिने गर्भ काढून टाका म्हणून विनवलं. गर्भाचे ठोके चालू आहेत, कायदा परवानगी देत नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, असं तिला एका सुईणीने सांगितलं. चौकशीत त्या सुईणीने ते कबूलही केलं. अंगात जंतुसंसर्ग पसरला आणि २८ ऑक्टोबरला सविता गेली. तेव्हा आमच्या घरात सगळे पेटून उठले होते, दादा सगळ्यांत जास्त. "आपल्या पोरीला त्यांच्या धर्माने मारलं," असं तो म्हणाला होता. आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन, ६६ टक्के मतांनी, घटनेतलं ते कलम काढलं.

टेक्सस उलट्या दिशेने गेलं. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे कुणीही माणूस गर्भपाताला मदत करणाऱ्यावर दावा लावून किमान दहा हजार डॉलर मिळवू शकतो. २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो निकाल मोडीत काढला, त्यानंतर डॉक्टरला जन्मठेपेपर्यंतची भीती आली. ऑस्टिनच्या अमांडा झुरॉस्की यांची पाणमोट अठराव्या आठवड्यात फुटली, गर्भ वाचणार नव्हता, पण ठोके होते म्हणून डॉक्टर थांबले. त्यांना सेप्सिस, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग, झाल्यावर उपचार मिळाले. त्या वाचल्या, कोर्टात गेल्या, आणि मे २०२४ मध्ये टेक्ससच्या सुप्रीम कोर्टात हरल्या. २०२५ मध्ये कायद्यात थोडं स्पष्टीकरण घातलं गेलं, एवढंच. सविताची गोष्ट दहा वर्षांनी इथे जवळजवळ तशीच पुन्हा घडत होती आणि दादा हात जोडत होता.

रो निकाल गेल्यावर तीनच महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२२ ला, आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या बाबतीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. मी तो निकाल ऑफिसात सगळ्यांना दाखवला. इथल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत भारताचा असा भरभरून अभिमान मला क्वचित वाटला होता. ग्रुपवर मात्र तो कुणी टाकला नाही. आपल्याकडे अभिमान वाटावा असं काही घडलं की ते दिसत नाही, आणि परक्यांचं आपल्याला दूर ठेवणारं राजकारण मात्र आपलंसं वाटतं.

समलिंगींच्या बाबतीत मी भारताची बाजू घेणार नाही. माझ्या गल्लीत दोन पुरुषांचं बिऱ्हाड आहे, दत्तक मुलगा आहे, तो माझ्या मुलीबरोबर बसने जातो. २०१५ च्या निकालामुळे ते कायद्याने एक कुटुंब आहेत. आपल्या कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा प्रश्न संसदेकडे ढकलला, आणि सरकार तर त्याआधीच ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे असं सांगून मोकळं झालं होतं. शहरी! सौंदत्तीला जाणारे, देवीला वाहिलेले जोगते आमच्या दारात यायचे. डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, हातात चौंडकं, हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, आणि हनुवटीवर वस्तऱ्याची निळसर छाया. आजी सुपातून जोगवा वाढायची आणि पाया पडायची. त्यांच्या वाट्याला सन्मानाचं आयुष्य आलं असं मी म्हणणार नाही, दारिद्र्य आणि हेटाळणी भरपूर आली. पण लिंगं दोनच आणि बाकी सगळी अमेरिकेची थेरं, असं म्हणताना दादाला आपल्याच उंबऱ्यावरचं कसं आठवत नाही? उलट थेर म्हणायचंच तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाला म्हणा. ते इंग्रजांनी १८६० मध्ये त्यांच्या ख्रिस्ती नीतीतून आपल्यावर लादलं. ते टिकावं म्हणून कोर्टात उभे राहिलेल्यांत ज्योतिषी होते, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं आणि ख्रिस्ती संघटनाही होत्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे तिथे एका रांगेत होते.

हे सगळं वाचून कुणी मला ख्रिस्तद्वेष्टी म्हणेल, म्हणून सांगते. मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जन्मले. माझी आई, दादा, आम्ही सगळेच. डॉ. वॉनलेस यांनी उभं केलेलं ते हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्याच प्रेस्बिटेरियन चर्चने २०१५ मध्ये आपल्या नियमांत लग्नाची व्याख्या बदलून समलिंगी जोडप्यांना जागा दिली. म्हणजे ख्रिस्ती म्हटलं की सगळे एकाच बाजूचे असं नाही. आणि आपल्या पंडिता रमाबाईंनी तर हे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी दाखवून दिलं. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांत त्यांचं चर्चच्या अधिकाऱ्यांशी वाजलं. त्यांनी पुरुषांना शिकवू नये अशी बिशपांची हरकत होती. आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असं त्यांनी १८८५ मध्ये लिहून कळवलं. ख्रिस्त त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. सदर्न बॅप्टिस्टांनी २००० मध्ये पाद्रीपद फक्त पुरुषांचं असं लिहून ठेवलं आणि २०२३ मध्ये बायकांना ते दिलं म्हणून कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅकसारख्या अवाढव्य चर्चला बाहेर काढलं, तेव्हा मला रमाबाईंचं ते पत्र आठवलं. त्या केडगावच्या नसून डॅलसच्या असत्या तर आज त्यांनाही बाहेरच काढलं असतं.

माझ्या बॅप्टिस्ट शेजाऱ्यांबद्दल मात्र मी वाकडं ऐकून घेत नाही. मुलीच्या वेळी मला बेडरेस्ट सांगितली होती, आई व्हिसासाठी अडकली होती, तेव्हा बाजूच्या घरातल्या बाईने तिच्या चर्चमधल्या बायकांना गोळा करून रोज संध्याकाळी जेवण पोहोचवलं. बीफ नको हे तिने सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. "अमेरिकन बायका घर सांभाळत नाहीत" असं मावशी म्हणते तेव्हा मी तिला हे ऐकवते. हीच बाई प्रत्येक प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला, ज्यांच्या पाट्या अंगणात लावते ते माझ्या ऑफिसातल्या एका कुटुंबाला टेक्सस सोडायला लावणारे आहेत. २०२३ च्या कायद्याने अठराखालच्या ट्रान्स मुलांचे लिंगबदलाचे उपचार इथे बंद झाले आणि ते लोक राहतं घर विकून मिनेसोटाला गेले. तिला मी हे सांगितलं. तिने डोळ्यांत पाणी आणून त्या मुलासाठी प्रार्थना केली, आणि पाटी ठेवली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकत्र कशा धरायच्या हे मला अजून जमत नाही.

आमच्या मंडळाचा गणपती बरीच वर्षं एका मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये बसायचा. स्मोक अलार्ममुळे कापूर बाहेर पार्किंग लॉटमध्ये लावायचो. स्वयंपाकघराच्या किल्ल्या सत्तरी उलटलेल्या एका बाईंकडे असत. त्या आदल्या दिवशी फ्रिजच्या एका कप्प्यावर मास्किंग टेप लावून 'नो मीट' लिहून ठेवायच्या, आमच्या मोदकांसाठी. मग युनायटेड मेथडिस्ट चर्च समलिंगींच्या प्रश्नावरून फुटलं. २०२३ अखेरपर्यंत देशभरातली साडेसात हजारांहून जास्त चर्च बाहेर पडली, जवळजवळ पाव भाग. आमच्या हॉलच्या चर्चनेही मतदान घेतलं. बाहेर पडायला दोन तृतीयांश मतं लागत, ती मिळाली. काही महिन्यांनी हॉलचे नवे नियम ईमेलने आले. लग्न फक्त एका पुरुषाचं आणि एका स्त्रीचं, असा एक नियम. दुसऱ्या कुठल्याही धर्माची पूजा या वास्तूत होणार नाही, हा त्याच्या लगेच खालचा. एकाच पानावर. मी तो ईमेल दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मग तुम्ही देवळात करा ना." करतोच आहोत. पण ते दोन नियम एकाखाली एक का आले, हे त्याने विचारलं नाही.

किल्ल्यावाल्या बाईंनी मला फोन केला. त्यांचा नातू ऑस्टिनला मित्राबरोबर राहतो, त्याच्या लग्नाला तो हॉल मिळणार नव्हता. त्यांनी विरोधात मत दिलं होतं. तरी त्या दर रविवारी तिथेच जातात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "माझी सगळी माणसं इथे आहेत, मी जाऊ कुठे?"

मला पुढे काही बोलता आलं नाही. घरच्या ग्रुपमधून मी बाहेर का पडत नाही, याचं माझ्याजवळही दुसरं उत्तर नाही. इथे मंडळातलीच कितीतरी माणसं आता "कौटुंबिक मूल्यं" म्हणून त्याच पाट्या लावतात आणि मला सांगतात की आपण इथले पाहुणे, जास्त बोलू नये. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मिसिसिपीत भर सभेत सांगितलं की आपल्या हिंदू घरात वाढलेल्या बायकोने कधीतरी ख्रिस्ती व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. येल लॉ शिकलेली, व्हाइट हाउसच्या दारात पोहोचलेली बाई जिथे अजून पुरती आत मोजली जात नाही, तिथे आमच्या अंगणातल्या पाटीने काय होणार? तिकडे मिरजेत मी "बाहेर राहून डावी झालेली". म्हणजे दोन्हीकडे माझं बोलणं पाहुणीचं. मी अमेरिकेची नागरिक झाले तेव्हा मला वाटलं होतं की मत देण्याचा हक्क मिळाला की माणूस एका जागेचा होतो. तसं झालं नाही. मत मी इथे देते आणि जीव तिकडच्या बातमीत अडकलेला असतो.

तरी दादा, मला एक माहीत आहे. आपल्या ग्रुपवर कॉलेजातली मुलंमुली आहेत, तुझी, मामांची, माझ्या चुलत जावेची. ती कधी काही लिहीत नाहीत, पण प्रत्येक मेसेजखाली वाचल्याच्या निळ्या खुणा येतात. त्यांच्यातल्या कुणाला तू टाकलेली बातमी वाचून पोटात गोळा येतो, हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही. त्या किल्ल्यावाल्या बाईंनाही नातवाचं बरीच वर्षं माहीत नव्हतं. तू पुन्हा काही टाकलंस की मी पुन्हा उत्तर लिहीन, आणि तुला खाजगीत न लिहिता ग्रुपवरच लिहीन, त्यांना दिसेल असं.